एंडनोट, मेंडली की झोटेरो? आधी बाहेर पडायचं दार बघा

पेट किंवा नेट झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले, की कोर्सवर्कच्या पहिल्या काही आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो: "संदर्भांसाठी कोणतं सॉफ्टवेअर वापरू?" उत्तर देणारे भरपूर भेटतात. लॅबमधला एक सीनियर म्हणतो एंडनोटला तोड नाही, दुसरी म्हणते मेंडली फुकट आहे ना, मग झालं. तिसरा झोटेरोचा एवढा भक्त असतो की तुमचा लॅपटॉप ओढून घेऊन स्वतःच इन्स्टॉल करून देतो. अँड्रॉइड विरुद्ध आयफोन वादात जी रंगत असते, तीच इथेही असते. शेवटी तुम्ही मित्राच्या स्क्रीनवर जे दिसलं ते टाकून मोकळे होता.

तिन्ही सॉफ्टवेअर रोजच्या कामाला पुरेशी आहेत. पीडीएफ ओढून टाका, माहिती आपोआप भरली जाते, वर्डमध्ये बटण दाबा, संदर्भसूची तयार. म्हणून "सगळ्यात भारी कोणतं" या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. मला तुमच्यासमोर दुसराच प्रश्न ठेवायचाय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. या काळात तुम्ही शेकड्याने लेख वाचाल. समजा चौथ्या वर्षी तुम्हाला सॉफ्टवेअर बदलावं लागलं, तर तुमच्यासोबत काय काय बाहेर येईल आणि काय आतच राहील?

आत नेमकं काय साठतं?

संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन थर साठत जातात. पहिला थर म्हणजे नोंदीची माहिती: लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं, डीओआय. दुसरा थर म्हणजे पीडीएफ फाइली. तिसरा थर म्हणजे तुम्ही स्वतः केलेलं काम: कोणता लेख कोणत्या फोल्डरमध्ये ठेवला, कोणत्या ओळीवर पिवळी खूण केली, बाजूला "हे आपल्या दुसऱ्या प्रकरणाच्या विरोधात जातं, परत बघ" असं काय लिहिलं.

पहिला थर हरवला तर त्रास होतो, पण डीओआयवरून तो परत मिळतो. दुसराही बहुतेक वेळा ग्रंथालयातून परत उतरवता येतो. तिसरा मात्र जगात फक्त तुमच्याकडेच असतो आणि तो परत मिळवायचा तर सगळं वाचन पुन्हा करावं लागतं.

आता गंमत बघा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायला जे जुने, सगळ्यांना कळणारे फॉरमॅट आहेत, म्हणजे बिबटेक आणि आरआयएस, ते मुळात पहिल्या थरासाठी बनलेले आहेत. बिबटेक १९८५ चं. त्या काळी स्क्रीनवर पीडीएफ रंगवणं हा प्रकारच नव्हता, त्यामुळे पानावरच्या खुणा कुठे ठेवायच्या याची त्यात सोय नाही. म्हणून कंपनी जेव्हा म्हणते की "आमच्याकडून एक्स्पोर्ट करता येतं", तेव्हा ते खरंच असतं. फक्त ते पहिल्या थराबद्दल खरं असतं. तिसऱ्या थराचं काय, हे तुम्हाला विचारावं लागतं.

हा थर किती नाजूक असतो याचं एक उदाहरण २००९ चं आहे. त्या जुलैमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही विकलेल्या प्रती परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत दिले. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकात नोंदी केल्या होत्या. नोंदींची फाइल उरली, पण ज्या मजकुराला धरून त्या लिहिल्या होत्या तोच गेला, त्यामुळे त्या निरुपयोगी झाल्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि ॲमेझॉनने तडजोड केली. पुस्तक मिळवायचं तर बाजारात दुसरी प्रत मिळत होती. नोंद आणि ओळ यांच्यातला धागा मात्र विकत मिळत नव्हता.

२००८: स्टाइल फाइलवरून खटला

झोटेरो २००६ मध्ये आलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रात ते तयार झालं, तेही फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन म्हणून. फुकट आणि मुक्त परवान्याचं. त्या वेळी या क्षेत्रातलं मोठं नाव होतं एंडनोट, जे थॉमसन रॉयटर्सच्या मालकीचं होतं. (आज ते क्लॅरिव्हेटकडे आहे.)

एंडनोटची एक मोठी ताकद म्हणजे स्टाइल फाइली. प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहायची पद्धत वेगळी. कुठे वर्ष कंसात, कुठे शेवटी, कुठे फक्त आकडा. अशा हजारो पद्धतींच्या तयार फाइली एंडनोटसोबत मिळायच्या. २००८ मध्ये झोटेरोच्या चाचणी आवृत्तीत एक सोय आली: एंडनोटच्या स्टाइल फाइली वाचून त्या सीएसएल नावाच्या खुल्या फॉरमॅटमध्ये बदलायच्या. सप्टेंबर २००८ मध्ये थॉमसन रॉयटर्सने खटला भरला. म्हणणं असं, की विद्यापीठाने एंडनोटचा परवाना घेतलाय, त्या परवान्यात सॉफ्टवेअर उलगडून बघायला मनाई आहे, आणि ही मनाई मोडली गेली. मागणी होती वर्षाला किमान १ कोटी डॉलर नुकसानभरपाईची. जून २००९ मध्ये हा खटला कोर्टातून बाहेर काढला गेला.

लगेच एका बाजूला जाऊन बसू नका. कंपनीच्या बाजूने विचार केला तर हजारो स्टाइल फाइली बनवायला पगारी माणसं लागली आहेत, आणि समोरचा त्या फुकटात दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेणार. राग येणारच. पण वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. संदर्भात वर्ष कुठे लिहायचं हे नियतकालिक ठरवतं, एंडनोट नाही. शिवाय एंडनोटमध्ये तुम्ही स्वतःच्या विभागासाठी स्टाइल बनवू शकता. ती मेहनत तुमची, फाइलचा फॉरमॅट कंपनीचा. मग ती वाचायचा हक्क कोणाचा?

या भांडणाचं उत्तर पुढे व्यवहारात सापडलं. सीएसएल पसरत गेलं आणि मेंडलीनेही तेच स्वीकारलं. आज झोटेरो आणि मेंडली एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले तरी स्टाइलसाठी भाषा एकच वापरतात. एकाने बनवलेली स्टाइल दुसऱ्याला चालते. स्पर्धा संपली नाही, फक्त स्टाइल फाइल हे ग्राहकाला अडकवायचं साधन उरलं नाही.

२०१८: डेटाबेसला कुलूप

मेंडलीची सुरुवात झाली लंडनमध्ये. सुरू करणारे तिघे जर्मन, पीएचडी करणारे. २००८ पासून ते लोकांच्या हाती आलं आणि फुकट असल्यामुळे भराभर पसरलं. २०१३ मध्ये एल्सविअरने ते विकत घेतलं. वर्षभरच आधी, २०१२ मध्ये, गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या लेखनानंतर हजारो संशोधकांनी एल्सविअरच्या नियतकालिकांवर बहिष्काराची घोषणा केली होती. त्यामुळे ही खरेदी झाली तेव्हा काही जणांनी निषेध म्हणून मेंडलीवरची खाती बंद केली. बाकीचे राहिले. नोंदी आत होत्या ना!

तुमच्या संगणकावर मेंडली सगळा मजकूर एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवायचं. हा फॉरमॅट खुला आहे, कुठल्याही साध्या प्रोग्रामने वाचता येतो. झोटेरोने २०१८ मध्ये त्याचाच उपयोग करून मेंडलीचा डेटाबेस थेट वाचणारी सोय बनवली: फोल्डर, नोंदी, खुणा, सगळं उचलून आणायचं. त्याच वर्षी मेंडलीच्या १.१९ आवृत्तीत हा डेटाबेस एन्क्रिप्ट झाला, म्हणजे त्याला कुलूप लागलं. फाइल तुमच्याच हार्डडिस्कवर, किल्ली सॉफ्टवेअरकडे. मेंडलीने कारण सांगितलं वापरणाऱ्यांच्या माहितीच्या सुरक्षेचं. झोटेरोवाल्यांनी उघड टीका केली की यामुळे बाहेर पडायचा रस्ता बंद होतोय. बिबटेक आणि आरआयएसमधून एक्स्पोर्ट चालूच होतं, पण आपण वर पाहिलं तसं तो पहिला थर. पुढे झोटेरोने मेंडलीच्या ऑनलाइन खात्यातून माहिती आणायची दुसरी वाट काढली.

गोष्ट इथेही थांबली नाही. सप्टेंबर २०२२ पासून मेंडली डेस्कटॉप हे जुनं सॉफ्टवेअर नव्याने उतरवून घेणं बंद झालं आणि त्याच्या जागी मेंडली रेफरन्स मॅनेजर आलं. म्हणजे ज्या मुलीने २०१८ मध्ये मेंडली डेस्कटॉपवर पीएचडी सुरू केली असेल, तिच्या प्रबंधाच्या काळातच तिच्या वहीचं कव्हर, कुलूप आणि शेवटी वहीच बदलली. यात तिची काहीही चूक नाही. फुकट सॉफ्टवेअर घेतलं म्हणूनच असं झालं, असंही नाही. विकतच्या सॉफ्टवेअरचा मालकही बदलतोच, एंडनोटचा बदलला तसा.

अर्थशास्त्रात याला काय म्हणतात?

एक वस्तू सोडून दुसरीकडे जायला जो खर्च येतो (पैसा, वेळ, परत शिकणं, गमावलेला डेटा) त्याला बदलाची किंमत म्हणतात. ही किंमत इतकी वाढली की नको असूनही माणूस राहतो, तेव्हा त्याला अडकणूक म्हणता येईल. इंग्रजीतला 'लॉक-इन' हा शब्द तुम्हाला पेपरमध्ये सतत दिसेल. कार्ल शॅपिरो आणि हॅल व्हेरियन यांच्या 'इन्फर्मेशन रूल्स' या पुस्तकात यावर सविस्तर चर्चा आहे.

हा विषय वाचायला घेतलात तर दोन लेख जोडीने वाचा. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये मांडलं की क्वर्टी कीबोर्ड टिकला तो सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे, तर आधी आला आणि सगळे त्यावर शिकले म्हणून. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी त्याला उत्तर दिलं: ड्वोरॅक कीबोर्ड खरंच वेगवान आहे याचे पुरावेच कच्चे आहेत, मग "वाईट वस्तू टिकली" असं म्हणायचं कशाच्या जोरावर? पहिला लेख वाचून आपण लगेच माना डोलावतो, दुसरा वाचला की थबकतो. संशोधनाची सवय लागते ती या थबकण्यातून.

आता हेच आपल्या विषयाला लावू. समजा तुम्ही तुमच्या विद्यापीठात पाहणी केली आणि बहुतेक जण अमुक सॉफ्टवेअर वापरतात असं दिसलं. यावरून ते चांगलं आहे असं सिद्ध होतं का? नाही. लोक आवडीने राहिलेत की अडकून राहिलेत, हे या एका आकड्यातून कळत नाही. ते वेगळं काढायचं तर अशी घटना शोधावी लागेल जिथे वस्तू साधारण तीच राहिली, पण सोडायची किंमत एकदम बदलली. २०१८ चं कुलूप हे तसं उदाहरण होऊ शकतं. त्याआधी आणि नंतर किती लोक बाहेर पडले हे मोजायचं. पण सावध राहा, त्याच सुमारास दुसरंही बरंच बदललं असेल: स्पर्धक सॉफ्टवेअर सुधारलं असेल, विद्यापीठांनी परवाने बदलले असतील. हे बाकीचे बदल कसे वेगळे काढणार, हा प्रश्न तुमच्या आरएसीच्या बैठकीत कोणीतरी विचारणारच. तो आधी स्वतःला विचारा.

कायदा आपल्या बाजूने किती?

युरोपियन युनियनच्या जीडीपीआर कायद्यात (लागू २५ मे २०१८ पासून) कलम २० आहे: आपण दिलेली वैयक्तिक माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क. भारतात २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा प्रत्यक्ष मंजूर झाला, त्यात तो नाही. माहिती बघणं, दुरुस्त करणं, पुसायला लावणं याचे हक्क आहेत. उचलून दुसरीकडे नेण्याचा वेगळा हक्क नाही.

दुसरीकडे, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये एक उपकलम आहे जे फार थोड्यांना माहीत असतं. कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रोग्रामशी स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम जुळवून घ्यायचा असेल आणि त्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करणं हा कॉपीराइटचा भंग मानला जात नाही. झोटेरोने जे केलं त्याच्या जवळ जाणारा हा मुद्दा आहे. अर्थात परवान्याच्या करारात काय लिहिलंय हा वेगळा प्रश्न, आणि २००८ चा खटला मुख्यतः त्याच्यावरच उभा होता. तेव्हा "आय ॲग्री" दाबण्याआधी निदान बाहेर नेण्याबद्दलचा परिच्छेद वाचायला हरकत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी

अडकणूक म्हणजे काय हे मराठीत काम करणाऱ्याला खरं तर वेगळं शिकवायला नको. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. दिसायला देवनागरी, पण आत साठलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं. आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ मध्ये होतं, युनिकोडही त्याच वर्षी आलं, तरी छपाईच्या व्यवसायात हे फॉन्ट खूप वर्षं चालत राहिले. आजही अशा पीडीएफमधून पुस्तकाचं नाव कॉपी करून संदर्भात चिकटवून बघा, काय उमटतं ते. शोधगंगेवर असे जुने मराठी प्रबंध डोळ्यांना दिसतात, पण त्यांच्या मजकुरात शब्द शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

म्हणून मराठी नोंदी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा, चिकटवू नका. आणि सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी तपासा: नावं अकारविल्हे नीट लागतात का, "व इतर" हवं तिथे इंग्रजी रूप तर येत नाही ना, आणि मराठी व इंग्रजी संदर्भांच्या याद्या वेगळ्या करता येतात का.

एका संध्याकाळची चाचणी

कोणतंही सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी एवढं करा:

१. वीस नोंदी भरा. त्यातल्या पाच मराठी पुस्तकांच्या असू द्या.

२. तीन फोल्डर करा, प्रत्येकात काही नोंदी टाका, एक नोंद दोन फोल्डरमध्ये ठेवा.

३. पाच पीडीएफवर खुणा करा आणि बाजूला टिपा लिहा.

४. सगळं एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

५. आता कागदावर तिन्ही थरांची यादी करा आणि काय आलं, काय राहिलं ते मोजा.

६. इंटरनेट बंद करून बघा. आपल्या नोंदी दिसतात का?

माझ्या आवडत्या झोटेरोलाही ही चाचणी चुकत नाही. झोटेरोच्या आतल्या वाचकात तुम्ही पीडीएफवर खूण केलीत, तर ती पीडीएफच्या फाइलमध्ये उमटत नाही, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये जाते. तीच फाइल फोल्डरमधून उचलून दुसऱ्या कुणाला पाठवलीत तर तिच्यावर खुणा नसतील. खुणांसकट पीडीएफ बाहेर काढायची वेगळी आज्ञा आहे, ती वापरावी लागते. शिवाय त्यांच्या सर्व्हरवर फुकट जागा ३०० एमबी आहे, पीडीएफ भरपूर असतील तर ती लवकर भरते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दार उघडं असतं, पण सामान तुम्हालाच बांधावं लागतं.

तरीही मी झोटेरो वापरते, कारण डेटाबेस खुल्या फॉरमॅटमध्ये माझ्या लॅपटॉपवर आहे आणि उद्या ते बनवणारे थांबले तरी तो वाचता येईल. तुमचे गाईड आणि अख्खी लॅब एंडनोटवर असतील, एकाच लायब्ररीवर मिळून काम होत असेल, तर खुशाल एंडनोट घ्या. फक्त ग्रंथालयात जाऊन एक विचारा: विद्यापीठाचा परवाना माझी पदवी झाल्यावर माझ्यासाठी चालू राहतो का? नसेल राहत, तर व्हायवाच्या आधीच सगळं बाहेर काढून ठेवायचं, हे आजच कॅलेंडरवर टाका.

आणि काहीही वापरलंत तरी दर सहा महिन्यांनी, प्रगती अहवाल भरता त्याच आठवड्यात, एकदा पूर्ण एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवत जा: बिबटेक फाइल, खुणांसकट पीडीएफ आणि टिपा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. पहिल्या वेळी तासभर जाईल. पुढच्या वेळी वीस मिनिटांत होतं.